चिनी मातीची खाण: पाहणी कशी करायची आणि जमीन सावरायचा खर्च कसा काढायचा

खाण संपल्यावर जमीन पुन्हा वापराजोगी करायला, म्हणजे सावरायला, किती खर्च येईल याचा माझा पहिला अंदाज मी खाणीवर न जाता टेबलावर बसून काढला होता. खड्ड्याचे घनफळ काढले, त्याला भरावाचा दर लावला आणि आकडा लिहून वरिष्ठांपुढे ठेवला. त्यांनी कागद न वाचताच विचारले, "माती आणणार कुठून? ती तर विकली ना?"

सगळे या एका प्रश्नावर अडते. कोळशाच्या उघड्या खाणीत वरचा टाकाऊ माल इतका निघतो की त्यातला बराचसा परत भरता येतो. चिनी मातीच्या छोट्या खाणीत जे निघते त्यातले बहुतेक ट्रकमध्ये बसून भट्टीला, टाइल्सच्या किंवा रंगाच्या कारखान्याला गेलेले असते. मागे उरतो खड्डा, त्यातले पाणी आणि बाजूला एक ढीग. म्हणून खर्चाची सुरुवात "खड्डा भरायला किती लागेल" इथून करायची नाही. ही जमीन पुढे काय म्हणून वापरायची, हे आधी ठरवायचे.

खाली जी पद्धत दिली आहे ती सिंधुदुर्गासारख्या, म्हणजे वर जांभा, खाली पांढरी-जांभळट चिकणमाती आणि पावसाळ्यात धो धो पाऊस, अशा ठिकाणची आहे. चंद्रपूर-नागपूरकडच्या फायरक्लेला (भट्टीची उष्णता सोसणारी माती) किंवा वीटमातीच्या खाणीला पायऱ्या त्याच लागू पडतात, पण पाण्याचे आकडे बदलतात.

निघण्याआधी: कागद

खाणपट्ट्याचा करार, सातबारा आणि मोजणीचा नकाशा, मंजूर खाण आराखडा, पर्यावरण मंजुरीचे पत्र, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि शेवटचा सर्व्हे प्लॅन एवढे हातात असल्याशिवाय जाऊ नका. पर्यावरण मंजुरीच्या पत्रात जमीन सावरण्याबाबतच्या अटी बहुधा शेवटच्या पानांवर असतात आणि खाणमालकाने त्या वाचलेल्या असतीलच असे नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या प्रकरणात ५ हेक्टरपेक्षा लहान गौण खनिज (राज्याच्या नियमांखाली येणारी खनिजे) पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी हवी असे सांगितले, त्यामुळे "आमचा पट्टा लहान आहे" हे कारण चालत नाही.

दोन कायदेशीर गोष्टींत लोक हमखास गोंधळतात, म्हणून त्या आधीच सांगतो.

पहिली. १० फेब्रुवारी २०१५ च्या केंद्राच्या अधिसूचनेने ३१ खनिजे गौण ठरवली. चिनी माती, बॉल क्ले, फायरक्ले, सिलिका वाळू ही त्यातलीच. म्हणजे आता यांच्यावर राज्याचे गौण खनिज नियम चालतात, महाराष्ट्रात २०१३ चे. प्रमुख खनिजांच्या खाणींसाठी केंद्राच्या २०१७ च्या नियमांत बंद करण्याच्या खर्चाची आर्थिक हमी ठरलेली आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ती अ वर्गाच्या (मोठ्या, यंत्रांनी चालणाऱ्या) खाणींना हेक्टरी ५ लाख आणि ब वर्गाच्या (बाकीच्या) खाणींना हेक्टरी ३ लाख रुपये झाली. ही रक्कम चिनी मातीला थेट लागू नाही. पण तुलनेसाठी ध्यानात ठेवा, शेवटी उपयोगी पडेल.

दुसरी. १९५२ च्या खाण अधिनियमात (नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा संहिता आली) साध्या मातीच्या छोट्या उघड्या खाणींना बरीच सूट होती: खोली ६ मीटरच्या आत, कोणत्याही दिवशी ५० पेक्षा जास्त माणसे नाहीत, स्फोटके वापरलेली नाहीत. मालक हीच सूट सांगतो. पण त्या कलमात "साधी माती" म्हणताना चिनी माती, पांढरी माती आणि फायरक्ले स्पष्टपणे वगळलेली होती. तेव्हा खाण साडेपाच मीटर खोल असली तरी सुरक्षेचे नियम पूर्ण लागू.

घरून निघताना गूगल अर्थवर जुनी चित्रे मागे-पुढे करून बघा. कोणत्या वर्षी ढीग कुठे होता, ओहोळ कुठून वाहत होता, खड्डा पट्ट्याच्या रेषेबाहेर गेला का, हे तिथे अर्ध्या तासात कळते. खाणीवर मालक सोबत असताना हे प्रश्न विचारायला जड जातात.

दोनदा जा

एक फेरी एप्रिल-मेमध्ये आणि एक ऑगस्टमध्ये. मेमध्ये पाणी सर्वांत खाली असते, तळ दिसतो, मोजणी होते. ऑगस्टमध्ये पाणी कुठून आत येते आणि कुठून बाहेर पडते ते दिसते. एकाच फेरीचे पैसे मिळणार असतील तर मी ऑगस्टची फेरी मागतो आणि मोजणी ड्रोनवाल्याकडून मेमध्ये करून घेतो. उलट कधीच करत नाही. कोरड्या खाणीत सगळेच चांगले दिसते.

बरोबर घ्यायचे सामान: ३० मीटरची टेप, मोबाइलमधला उतार मोजायचा क्लिनोमीटर, पहार, खुरपे, पाच-सहा पारदर्शक बाटल्या, लाकडी खुंट्या आणि खिळे, मातीच्या नमुन्यांसाठी पिशव्या. गमबूट. आणि एक माणूस. एकट्याने मातीच्या कड्याखाली जाऊ नये. चिकणमाती ढासळताना आवाज करत नाही.

कडा आणि भेगा

आधी खाली उतरू नका. खड्ड्याच्या वरच्या काठाने, काठापासून तीन-चार मीटर आत राहून पूर्ण चक्कर मारा. नजर जमिनीवर ठेवा. काठाला समांतर जाणारी बोटभर रुंदीची भेग दिसली तर थांबा. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोका, दोन्हींवर खिळा मारा आणि खिळ्यांमधले अंतर मिलिमीटरमध्ये वहीत लिहा, तारखेसकट. एका खाणीवर मी ४१२ लिहून आलो होतो. तीन आठवड्यांनी त्याच खिळ्यांमध्ये ४२५ भरले. १३ मिलिमीटर. मालक म्हणाला, "उन्हाने माती आकसते हो." उन्हाने भेगा सगळीकडे पडतात, जाळीसारख्या, काठाला समांतर एकच लांब भेग पडत नाही. पहिल्या मोठ्या पावसात तो भाग बसला.

धातू खाणींच्या १९६१ च्या नियमावलीत माती, मुरूम, चिकणमाती अशा मऊ जमिनीत कडा ४५ अंशांपेक्षा तीव्र नको, नाहीतर पायऱ्या पाडायच्या. पायरी दीड मीटरपेक्षा उंच नको आणि रुंदी उंचीपेक्षा कमी नको, असे आहे. प्रत्यक्षात चिनी मातीच्या खाणीत पाच-सहा मीटरचे उभे कडे सर्रास दिसतात, कारण चांगली माती कड्यात असते आणि पोकलेनला सरळ खाली कापणे सोपे जाते. प्रत्येक बाजूचा कडा वेगळा मोजा: लांबी, उंची, कोन, आणि कड्यापासून पट्ट्याच्या हद्दीपर्यंतचे अंतर. हे शेवटचे अंतर लोक विसरतात. उतार काढायला मागे जागा लागते, आणि हद्दीलगतची साडेसात मीटरची सुरक्षा पट्टी शाबूत राहायला हवी.

कड्यावर पाणी झिरपण्याची रेषा शोधा. जांभा संपून चिकणमाती सुरू होते तिथे पाणी अडते आणि बाहेर येते. त्या रेषेवर नेचे उगवलेले असतात, उन्हाळ्यातही हिरवे. नेच्यांची रेषा ज्या उंचीवर, तिथून वरचा भाग कधीतरी घसरणार हे धरून चाला.

पाणी

खाणीतल्या पाण्याची बाटली भरा आणि घरी खिडकीत ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी वरचे पाणी नितळ झाले असेल तर साधे गाळ बसवायचे तळे पुरेल. अजून ताकासारखे पांढरट असेल तर नुसत्या तळ्याने भागणार नाही. चिनी मातीचे कण इतके बारीक असतात की ते दिवसेंदिवस तरंगत राहतात. मग दुसऱ्या बाटलीत चिमूटभर तुरटी घालून बघा, तिसरीत त्याच्या दुप्पट. कितीने बसते हे कळले की उपसा करताना तुरटीचा खर्च धरता येतो. असे पाणी तसेच व्हाळात सोडले तर खाली भाताच्या मळ्यांवर पांढरा थर बसतो आणि मग तक्रारी अंदाजपत्रकाच्या बाहेरच्या होतात.

किती पाणी येईल याचा हिशोब सोपा आहे. १.१ हेक्टरच्या खड्ड्यावर दिवसात २०० मिलिमीटर पाऊस पडला, कोकणात असा दिवस दरवर्षी एखादा तरी येतो, तर ११,००० × ०.२ म्हणजे २,२०० घनमीटर पाणी एका दिवसात नुसते आकाशातून. वरच्या डोंगराचे वेगळे. डोंगराचे पाणी मोजायला प्रवाहगुणांक (पडलेल्या पावसातला किती वाटा वाहून येतो तो) × तासाचा पाऊस (मिलिमीटर) × क्षेत्र (हेक्टर) ÷ ३६० हे सूत्र वापरा. वर ३ हेक्टर उतार असेल, गुणांक ०.५ आणि तासाला १०० मिलिमीटर धरले, तर ०.४२ घनमीटर प्रति सेकंद. तळाशी ६० सेंटिमीटर, वर १२० सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर खोल चर खणला तर त्याचा छेद ०.५४ चौरस मीटर येतो. पाणी सेकंदाला एक मीटर वाहिले तर तो पुरतो, फार मोकळा नाही पण पुरतो. हा चर डोंगराच्या बाजूने काढला नाही तर खाली केलेले कुठलेही काम दोन पावसाळे टिकत नाही.

ढिगाकडे संशयाने बघा

आता खरा पैसा कुठे आहे तिथे येऊ. जमीन सावरायची म्हणजे तिच्यावर काहीतरी उगवायला हवे, आणि त्यासाठी वरची सुपीक माती हवी. खाण सुरू करताना पहिले २०-३० सेंटिमीटर वेगळे काढून ढीग करून ठेवायचे असते, दीड-दोन मीटरपेक्षा उंच नाही, वर ताग किंवा धैंचा पेरून.

"ही बघा वरची माती, सगळी राखून ठेवलीय," असे म्हणत एकदा मला हिरवा मोठा ढीग दाखवला गेला. वर गवत छान होते. पहार मारली तर अर्ध्या फुटावर खण्ण. आत जांभ्याचे तुकडे आणि पांढरी चिकणमाती, वर गवत उगवण्याएवढी माती. तेव्हापासून मी ढिगात किमान चार ठिकाणी पहार घालतो, आणि दोन ठिकाणी खुरप्याने हातभर खोल खणून बघतो. काळी-तपकिरी, भुसभुशीत, मुळे आणि एखादे गांडूळ असेल ती माती. ओली करून बोटांनी वळली आणि पेन्सिलसारखी लांब, न तुटता वळत गेली, तर ती चिकणमाती, लागवडीला एकटी उपयोगाची नाही.

नमुने दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेत द्या. सामू (pH) आणि सेंद्रिय कर्ब एवढे दोन आकडे आले तरी शेणखत आणि चुना किती लागेल ते कळते.

ढिगाचे घनफळ काढताना शंकूच्या सूत्रांत शिरू नका. दर दहा मीटरला छेद (आडवा काप) घ्या, शेजारच्या दोन छेदांच्या क्षेत्रफळांची सरासरी गुणिले दहा, आणि बेरीज. खड्ड्यालाही हेच. बेरीज घनमीटरमध्ये करा आणि ठेकेदाराशी बोलताना ब्रासमध्ये बदला: १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. आणि सैल मातीचा हिशोब सैलच ठेवा. जागेवरची चिकणमाती खणली की सव्वापट ते जवळपास दीडपट फुगते. डंपरच्या खेपा फुगलेल्या मातीच्या मोजायच्या असतात.

शेवटचा वापर ठरवा, मग गुणाकार करा

हिशोब एका नमुन्याच्या खाणीवर मांडतो. दर मी उदाहरणापुरते धरले आहेत. तुम्ही तुमच्या जिल्ह्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीतले आणि स्थानिक मशीनवाल्याकडून लेखी घेतलेले दर घाला.

खड्डा ११० × १०० मीटर, सरासरी खोली ५ मीटर. उत्तरेचा कडा ११० मीटर लांब, ६ मीटर उंच, उभा. हद्द १५ मीटर मागे. पूर्वेचा १०० मीटर लांब, ४ मीटर उंच, उभा. हद्द १२ मीटर मागे. दक्षिणेला आणि पश्चिमेला उतार ठीक, गाड्या उतरायचा रॅम्प तिकडेच. टाकाऊ मालाचा ढीग ०.२ हेक्टरवर सुमारे ५,००० घनमीटर. यार्ड आणि रस्ता ०.३ हेक्टर. एकूण बिघडलेली जमीन १.६ हेक्टर.

हा खड्डा पूर्ण भरायचा म्हटले तर ५५,००० घनमीटर, म्हणजे साडेएकोणीस हजार ब्रासच्या आसपास. विकतचा भराव ९०० रुपये ब्रास धरला तर पावणेदोन कोटी. शिवाय तेवढा भराव काढायला कुठेतरी दुसरा खड्डा पडणार. हा पर्याय इथेच सोडून द्या. त्याऐवजी खड्ड्याच्या खोल अर्ध्या हेक्टरमध्ये पाणी राहू द्यायचे, बाकी कडे सावरून झाडे लावायची. तळाला चिकणमाती असल्यामुळे प्लास्टिक न घालताही पाणी टिकते. मालकाला आणि ग्रामपंचायतीलाही हे पटते, मार्च-एप्रिलला गुरांना पाणी मिळते म्हणून.

कड्यांचा उतार एकास दोन करायचा, म्हणजे एक मीटर उंचीला दोन मीटर आडवे. इथे एक युक्ती आहे जिच्यामुळे खर्च चौपटीने कमी होतो. सगळा उतार मागे कापून काढला तर प्रत्येक मीटर लांबीला उंचीचा वर्ग एवढी माती हलवावी लागते: ६ मीटरला ३६ घनमीटर, आणि काठ १२ मीटर मागे जातो. त्याऐवजी कड्याच्या मध्यातून रेषा काढा, वरचा अर्धा कापा आणि तोच खाली पायथ्याला टाका. मग उंचीचा वर्ग भागिले चार: ९ घनमीटर, आणि काठ फक्त ६ मीटर मागे. उत्तरेला ११० × ९ = ९९०, पूर्वेला १०० × ४ = ४००, एकूण १,३९० घनमीटर. काठ उत्तरेला ६ आणि पूर्वेला ४ मीटर मागे गेल्यावर हद्दीपर्यंत ९ आणि ८ मीटर उरतात, साडेसातची पट्टी वाचते. ती वाचत नसेल तर कापू नका, ढिगातला माल पायथ्याला टाकून आधार द्या.

पोकलेनला तासाला ३५ घनमीटर धरा. जाहिरातीत यापेक्षा कितीतरी जास्त असते, पण उतारावर चालक सावकाश आणि सांभाळूनच काम करतो, आणि करायलाच हवे. ४० तास, १,८०० रुपये तास, ७२,००० रुपये. ट्रेलरवरून ने-आण १५,०००. मालकाचे स्वतःचे पोकलेन असले तरी भाडे शून्य धरायचे नाही. अंदाज असा हवा की उद्या मालक गायब झाला आणि काम सरकारला दुसऱ्याकडून करून घ्यावे लागले तरी पैसे पुरावेत.

आता माती. पाण्याचा अर्धा हेक्टर वजा केला तर १.१ हेक्टर झाकायची, आणि काठ मागे गेल्याने नव्याने उघडी पडणारी १,०६० चौरस मीटर. एकूण १२,०६० चौरस मीटर, २५ सेंटिमीटर थर, ३,०१५ घनमीटर. मोजलेला खरा सुपीक ढीग ४८० घनमीटर निघाला. नवा काठ कापण्याआधी त्यावरची सुपीक माती सोलून घेतली तर आणखी २६५. तूट २,२७० घनमीटर, म्हणजे सुमारे ८०२ ब्रास. विकत घेतली तर ७ लाख २१ हजार.

मी ती बनवून घेतो. टाकाऊ ढिगातला बारीक माल, मोठे जांभ्याचे दगड वेगळे काढून, शेणखत आणि पालापाचोळा मिसळून. ही काही कोकणातली जुगाडू कल्पना नाही. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलला सेंट ऑस्टेलजवळ चिनी मातीच्या संपलेल्या खाणीत २००१ साली ईडन प्रोजेक्ट उघडले, तिथल्या प्रचंड काचघरांसारख्या घुमटांखालची सुमारे ८५,००० टन माती खाणीतलाच टाकाऊ माल आणि कंपोस्ट मिसळून तयार केलेली आहे. आपल्या हिशोबात: २,२७० घनमीटर भरणे, आणणे, पसरणे ७० रुपयांनी १,५८,९००, हेक्टरी १० टनांनी १२ टन शेणखत ३६,०००. विकतच्या मातीपेक्षा सव्वापाच लाखांनी स्वस्त, आणि ढीगही निम्मा संपतो. राखलेली ७४५ घनमीटर माती पसरायला ५२,१५०. उरलेला २,७३० घनमीटर टाकाऊ माल डोझरने खड्ड्यात पाण्याच्या कडेला ढकलून सपाट करायला, २५ रुपयांनी, ६८,२५०.

हे सगळे काम कोरड्या मातीत व्हायला हवे. मूठभर माती दाबून गोळा केला आणि बोट लावल्यावर तो फुटला नाही, तर त्या दिवशी पोकलेन थांबवा. ओल्या चिकणमातीवर साखळी फिरली की खाली फरशी तयार होते आणि झाडाचे मूळ तिच्यावर आडवे पसरते. कोकणात भातकापणीनंतर ते मेअखेर एवढाच काळ मिळतो. वेळापत्रक त्यावर बसवा.

राहिलेल्या बाबी भराभर. मेमध्ये ७,५०० घनमीटर पाणी उपसायला, तासाला ६० घनमीटरच्या पंपाने १२५ तास, ३१,२५०. वरचा चर २५० मीटर, २०,२५०. दगडी सांडवा ६०,०००, गाळ बसवायचे तळे ४५,०००. तुरटीचा आकडा बाटलीच्या प्रयोगावरून यात मिळवा. यार्ड आणि रस्ता नांगरून मोकळा करायला २४,०००. शेड, वजनकाट्याचा पाया आणि डिझेल सांडलेली माती हलवायला ५०,०००.

कुंपण ४५० मीटर, सिमेंटचे खांब आणि तार, १,५७,५००. हे काम यादीत खाली असले तरी करायचे सर्वांत आधी. पाणी भरलेल्या मातीच्या खड्ड्याचा काठ साबणासारखा असतो. पोहायला उतरलेली मुले आणि पाण्याला आलेली गुरे वर येऊ शकत नाहीत. पोहून बाहेर येता येईल असा एक सौम्य उताराचा भाग मुद्दाम ठेवावा; आपल्याकडे रॅम्प आहेच, तो उखडू नका.

उतारावर वाळा (खोल मुळांचे, माती धरून ठेवणारे गवत), एक मीटर उंचीच्या फरकाने आडव्या ओळी: उत्तरेला पाच, पूर्वेला तीन, एकूण ८५० मीटर, मीटरला आठ फुटवे, ८ रुपयांनी ५४,४००. वाळा पहिल्या पावसाआधी लागला पाहिजे, नंतर लावून उपयोग नाही. सपाटीला तीन बाय तीन मीटरवर हजार रोपे: करंज, गिरिपुष्प, बांबू, कडेला करवंद. गिरिपुष्पाचा पाला तिथेच पडू द्यायचा. काजू मी पहिल्या वर्षी लावत नाही. मालकाला काजूच हवा असतो, पण बनवलेल्या मातीत तो रडतो. दोन-तीन वर्षे पाला कुजल्यावर लावा. खड्डा, खत, रोप, काठी मिळून १२० रुपये, म्हणजे १,२०,०००. मरतूक २० टक्के, २४,०००. उन्हाळी पाणी आणि राखण वर्षाला ६० रुपये, तीन वर्षे, १,८०,०००. "एक पेड" छापाच्या अंदाजांमध्ये ही शेवटची ओळ नसते आणि म्हणून दुसऱ्या उन्हाळ्यात तिथे काठ्या तेवढ्या दिसतात.

बेरीज:

उतार आणि ढीग: १,५५,२५०
पाणी: १,५६,५००
माती: २,४७,०५०
यार्ड, रस्ता, साफसफाई: ७४,०००
कुंपण: १,५७,५००
वाळा आणि झाडे: ३,७८,४००
एकूण कामे: ११,६८,७००

यावर देखरेख आणि मोजणी १० टक्के, ठेकेदाराचा नफा १० टक्के, अनपेक्षित खर्च १५ टक्के. मातीच्या कामात पंधराच्या खाली जाऊ नका. पहिल्याच पावसात एखादा उतार पुन्हा करावा लागतो. मिळून १५,७७,७४५ रुपये. जीएसटी वेगळा दाखवा, कामाच्या प्रकारानुसार. खाण पाच वर्षांनी बंद होणार असेल तर भाववाढ धरा: वर्षाला ६ टक्क्यांनी सुमारे २१ लाख ११ हजार.

आता सुरुवातीचा आकडा आठवा. आजच्या दराने, काठ मागे गेल्याने उघडी पडलेली जमीनही धरून (मिळून सुमारे १.७ हेक्टर), हे हेक्टरी सव्वानऊ लाख होते. प्रमुख खनिजांची हमी हेक्टरी ३ ते ५ लाख. मालक हाच फरक दाखवून "तुमचा अंदाज फुगलेला आहे" म्हणेल. हमीची रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लहान खाणीत मशीनची ने-आण, कुंपण, सांडवा असे ठोक खर्च कमी जमिनीवर वाटले जातात म्हणून हेक्टरी आकडा चढतो. तरीही वाद झाला तर कात्री कुठे लावायची? कुंपण आणि चर यांना हात लावू देऊ नका. मातीचा थर २५ ऐवजी १५ सेंटिमीटर करून झाडांच्या खड्ड्यांत मात्र पूर्ण माती भरता येते, तिथे थोडे वाचते. रोपे हजाराऐवजी सातशे लावा, पण राखण पूर्ण तीन वर्षे ठेवा. उलट करू नका.

अहवालात काय जोडायचे

प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून आला ते: मोजला, दरसूचीतून घेतला की धरला. "धरला" असे लिहायला लाजू नका. छेदांचे नकाशे, ढिगात पहार घातलेल्या जागांचे फोटो, बाटल्यांचा फोटो (पहिल्या दिवशीचा आणि दुसऱ्या सकाळचा शेजारी शेजारी), मशीनच्या दराची लेखी कोटेशने. भेगेवरच्या खुंट्यांचे ठिकाण नकाशावर लाल टिंबाने दाखवा आणि शेजारी अंतर व तारीख लिहा. खुंट्या काढून आणू नका. ऑगस्टच्या फेरीत आधी त्याच मोजायच्या आहेत.